दोन मिलिमीटरची चाळणी

मानवजातीने आजवर तीन थोर पावले टाकली आहेत: अग्नी पेटवला, चाक फिरवले आणि मातीत मिसळून जाणारी पिशवी तयार केली.

हे वाक्य संशोधन संस्थेच्या दारात, डाव्या हाताला, सोनेरी अक्षरांत लिहिलेले होते. फलक प्लास्टिकचा होता. बारा वर्षांचे ऊन, पाऊस आणि तीन संचालक सोसून तो जसाच्या तसा उभा होता. त्याची लाकडी चौकट मात्र दोनदा कुजली म्हणून बदलावी लागली होती, आणि याबद्दल सुताराला बोलही लावण्यात आले होते.

ती पिशवी ज्यांनी तयार केली त्या बाईंना संस्थेत मॅडम म्हणत. घरी त्यांचा नवराही हल्ली मॅडम म्हणायला लागला होता, पण तो चिडवायला. आपण सरळ मनाने म्हणू. मॅडम रोज सकाळी साडेआठला त्या फलकाजवळून जात आणि त्याच्याकडे बघायचे टाळत. स्तुती ऐकायला त्यांना आवडत नसे असे नाही. पण "थोर पावले" या शब्दांवर नजर गेली की आपल्या चपलेचा अंगठा उसवलेला आहे हे त्यांना आठवायचे.

आयुष्याची सव्वीस वर्षे मॅडमनी त्या पिशवीला दिली होती. फळांच्या साली आणि लाकडाचा भुसा शिजवून त्याचा लगदा करायचा, लगद्याचे पातळ पारदर्शक पटल काढायचे आणि पटलाची पिशवी शिवायची, एवढीच कल्पना. पहिली काही वर्षे ही पिशवी इतकी निसर्गप्रेमी होती की दुकानातून घरी पोचायच्या आतच निसर्गात विलीन व्हायची. ओला हात लागला की बूड सुटले. संस्थेच्या जिन्यात एकदा दीड किलो टोमॅटो गडगडत तिसऱ्या मजल्यावरून थेट तेव्हाच्या संचालकांच्या पायाशी गेले होते. मग मॅडमनी लगद्यात एक रसायन घातले. ते पटलातल्या धाग्यांना आडव्या गाठी मारायचे. तेव्हापासून पिशवी टोमॅटो पेलू लागली आणि मॅडमना बक्षिसे मिळू लागली.

पिशवी मातीत मिसळते की नाही हे बघायची रीत साधी होती. पटलाची पट्टी कुंडीतल्या मातीत पुरायची, नव्वद दिवस थांबायचे, मग ती माती दोन मिलिमीटर भोकाच्या चाळणीतून चाळायची. वर जे राहील ते उरले. खाली जे गेले ते मातीत मिसळले. नियमाच्या पुस्तकात तसेच छापलेले होते आणि जगभर सगळे तसेच करत. मॅडमच्या पट्टीचे चाळणीवर कधीच काही उरले नाही.

चाळायचे काम मामांचे. मामा म्हणजे प्रयोगशाळा सहायक. कुणाचेच मामा नव्हते, तरी संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे मामाच. अंगाने काटकुळे, अक्षर मोत्यासारखे, आणि स्वभाव असा की चहात साखर घातल्यावर चमचा किती वेळा फिरवला तेही विचारले तर सांगतील. त्यांच्या अक्षरामुळेच संस्थेत एक प्रथा पडली. जो पाहुणा येईल त्याने मागच्या अंगणातल्या मातीत एक पट्टी पुरायची, शेजारी आपल्या नावाची काडी खोचायची आणि पत्ता देऊन जायचे. नव्वद दिवसांनी मामा ती जागा उकरत, माती चाळत आणि पाहुण्याला कार्ड पाठवत: "आपण पुरलेली पट्टी मातीत मिसळली आहे. आभारी आहोत." खाली मामांची सही. संचालकांची का नाही, असे एकदा कुणीतरी विचारले तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "ज्याने पाहिलं त्याने सही करायची." तो संस्थेचा दंडकच झाला. अशी चार हजारांहून जास्त कार्डे मामांनी लिहिली होती. लोकांनी ती चौकटीत लावली होती म्हणे.

आता शहराबाहेर पिशव्यांचा कारखाना उभा राहिला होता. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला यंत्र सुरू होणार होते. दिवसाला चार लाख पिशव्या. मॅडमना निवृत्त व्हायला पाच महिने होते.

आणि त्या बुधवारी मामा हातात चाळणी धरून मॅडमच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, माल उरलाय."

"कसला माल?"

"आपलाच."

चाळणीच्या जाळीवर माशाच्या खवल्यांसारखे काहीतरी चमकत होते. बारीक, पारदर्शक, वाटाण्याच्या सालीएवढेही नाही. मामांनी मान वाकडी करून त्याच्यावर फुंकर घातली. ते हलले, पण गेले नाही.

"तुम्ही नीट चाळलं नसेल."

मामांच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहून मॅडमनी ते वाक्य लगेच परत घेतले. बारा वर्षे नीट चाळणाऱ्या माणसाला असे बोलणे म्हणजे भटजीला आंघोळ केली का विचारण्यासारखे.

"नवी चाळणी आहे," मामा म्हणाले. "जुनीची जाळी कडेनं सुटली, म्हणून मागवली. परवा आली."

"मग चाळणीच खराब असणार."

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सव्वीस वर्षांच्या संशोधनात आणि दोन दिवसांच्या चाळणीत चूक कुणाची, हा प्रश्न पडल्यावर जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने चाळणीवरच बोट ठेवले असते. मॅडम शहाण्या होत्या. त्यांनी खरेदी विभागाचा तक्रार अर्ज मागवला आणि "दोषाचे स्वरूप" या रकान्यात लिहिले: "चाळणी सदोष आहे. जे अडवू नये ते अडवते." खाली सही केली. अर्ज खरेदी विभागाकडे गेला आणि तिथल्या ढिगात जाऊन शांतपणे झोपला.

दुपारी मॅडमनी चाळणी उलटी करून पाहिली. पितळी कडेवर बारीक आकडा कोरलेला होता. अर्धा मिलिमीटर. दुकानदाराने चुकून चौपट बारीक चाळणी पाठवली होती.

म्हणजे चाळणी खराब नव्हती. चाळणी चांगली होती, एवढाच तिचा दोष.

मॅडमनी एक खवला चिमट्याने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पटलाचा मऊ भाग मातीतल्या जिवाणूंनी खाऊन टाकला होता, अगदी ठरल्याप्रमाणे. गाठी मात्र त्यांनी ताटात काढून ठेवल्या होत्या. त्या गाठी ज्यांनी मारल्या होत्या त्यांना ओळखायला वेळ लागला नाही.

"मामा, जुनी चाळलेली माती आहे का कुठे? मागच्या वर्षीची, त्याच्या आधीची?"

"आपण कुठं ठेवतो? ती तर सर नेतात की."

"कोण सर?"

"आपले सर," मामा जरा संकोचून म्हणाले. "तुमचे."

मॅडमचे सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. शाळा सुटल्यावर त्यांनी अभ्यासाचे क्षेत्र पृथ्वीवरून बाल्कनीवर आणले होते. बाल्कनीत अकरा वर्षांत सत्तावीस कुंड्या झाल्या होत्या. दर तीन महिन्यांनी ते जुन्या पँटच्या कापडाची शिवलेली एक जाड पिशवी घेऊन संस्थेच्या मागच्या दाराशी जात आणि मामा त्यांना चाळलेली माती भरून देत. हा व्यवहार मॅडमपासून लपवलेला नव्हता. त्यांनी फक्त कधी विचारले नव्हते.

संध्याकाळी मॅडम अर्धा मिलिमीटरची चाळणी घेऊन घरी आल्या, चपला काढल्या आणि सरळ बाल्कनीत जाऊन टोमॅटोची कुंडी उलटी केली.

"अगं अगं, फुलावर आलंय ते!"

"अहो, जरा थांबा."

"थांबा काय? तूच थांब! माझं झाड..."

मॅडम चाळत होत्या. माती खाली पडत होती आणि जाळीवर चमक जमत होती. सर वाकून बघायला लागले.

"हे होय," ते म्हणाले. "हे तर सगळ्याच कुंड्यांत आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! रोज हात घालतो मातीत. मला वाटलं तुमचं काही खत असेल. माती हलकी राहते यानं. पाणी छान धरते."

"अकरा वर्षं?"

"तू कधी विचारलं नाहीस."

सव्वीस वर्षांत त्यांनी आठ देशांतल्या तज्ज्ञांना विचारले होते, दोन समित्यांना विचारले होते, एक महागडे यंत्र आणून त्यालाही विचारले होते. बाल्कनीतल्या माणसाला विचारायचे राहून गेले. तो रोज सकाळी सात वाजता त्यांच्या संशोधनात कोपरापर्यंत हात घालून बसत होता.

तो रविवार दोघांनी कुंड्या चाळण्यात घालवला. सर झाडे अलगद उपटून ओल्या कापडात गुंडाळत, मॅडम चाळत. सर्वांत जुनी कुंडी कोरफडीची होती, अकरा वर्षांची. तिच्यातले खवले आणि मागच्या महिन्यातले खवले शेजारी शेजारी ठेवले तर आईलाही जुळी ओळखू येणार नाहीत असे. दुपारी चारपर्यंत काचेची एक लोणच्याची बरणी निम्मी भरली.

"याचं काय करायचं आता?" सरांनी विचारले.

"टाकायचं."

"कुठे?"

मॅडम बरणी हातात धरून स्वयंपाकघरात गेल्या. कचऱ्याचा डबा उघडला, मिटला. कचरा मातीत जाणार. मोरीत ओतावे तर पाणी नदीला जाणार. जाळावे तर गाठींमधून काय धूर निघेल ते त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्या तशाच परत आल्या आणि सवयीप्रमाणे बरणीला चिठ्ठी लावली: तारीख, वजन, नमुना. "नमुना" या शब्दापुढे काय लिहावे ते सुचेना. सर शेजारी उभे होते.

"तुझं नाव लिही," ते हळूच म्हणाले. त्यांना तो विनोद वाटला होता. मॅडमचा चेहरा बघून त्यांनी चहा टाकायला जाणे पसंत केले.

त्या रात्रीचे काही सांगण्यासारखे नाही. मॅडम झोपल्या. माणूस झोपतोच.

सोमवारी त्या संचालकांकडे गेल्या. संचालक पन्नाशीचे, गोरेगोमटे, टेबल इतके स्वच्छ की त्यावर कधी काम झाले असेल असे वाटू नये. मॅडमनी बरणी टेबलावर ठेवली आणि सगळे सांगितले. संचालकांनी मान डोलावत ऐकले. ऐकून घेणे ही त्यांची खासियत होती. त्यामुळेच ते संचालक झाले होते.

"नियमात चाळणी किती मिलिमीटरची म्हटली आहे, मॅडम?"

"दोन."

"आपण किती वापरली?"

"दोनच. पण खाली जे जातं..."

"खालचं आपल्या कक्षेत येत नाही."

"सर, ते जात नाहीये कुठेच. आपण फक्त त्याच्याकडे बघणं थांबवतो."

"हेच तर! बघणं कुठे थांबवायचं हे ठरवावं लागतं. नाहीतर काम पुरं कधी होणार?" ते पुढे झुकले, आवाज मायेचा झाला. "मॅडम, तुमचे पाच महिने राहिलेत. एवढी मोठी गोष्ट उभी केलीत. आता दृष्ट लागल्यासारखं का करता?"

"यंत्र सुरू होऊ देऊ नका. मी गाठी काढते. दोन वर्षं द्या, नुसती दोन."

"गाठी काढल्यावर ती टोमॅटो पेलेल?"

सव्वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता इतका चांगला प्रश्न संचालकांनी विचारला होता, आणि तोही चुकून.

त्या आपल्या खोलीत आल्या. भिंतीवर हिरव्या रसायनशास्त्राच्या बारा तत्त्वांचा तक्ता होता. दहाव्या तत्त्वाखाली त्यांनीच तरुणपणी लाल रेघ मारली होती. वस्तूचे काम संपले की ती निरुपद्रवी पदार्थांमध्ये मोडून गेली पाहिजे, असे ते तत्त्व. त्यांनी जवळ जाऊन बघितले. रेघ "मोडून गेली पाहिजे" याखाली होती. "निरुपद्रवी" हा शब्द कोरा राहिला होता.

आणि बारा वेळा वाचूनही तक्त्यात एक गोष्ट सापडली नाही. वस्तू कशी करावी, कशाची करावी, किती उष्णतेवर करावी, नंतर तिचे काय व्हावे, सगळे होते. ही वस्तू करावीच का, हे कुठेच नव्हते. टोमॅटो दुकानातून घरी यायला सात मिनिटे लागतात. त्या सात मिनिटांसाठी मॅडमनी साली शिजवल्या होत्या, लगदा सहा पाण्यांनी धुतला होता, ते सगळे पाणी गटारात सोडले होते, धाग्यांना गाठी मारल्या होत्या. आणि घरात खुंटीला सरांची जुन्या पँटची पिशवी चौदा वर्षे लटकत होती. तिच्यात टोमॅटो येत, माती येई, एकदा शेजाऱ्यांची मांजरही आली होती. शास्त्राच्या दृष्टीने त्या पिशवीत काहीच नवीन नव्हते. तिच्यावर निबंध लिहिता आला नसता. तिला खिसासुद्धा होता.

हे सुचले तेव्हा मॅडमना हसू आले असते, तर बरे झाले असते.

त्यांनी ज्या नियतकालिकात मूळ निबंध छापला होता तिथे पत्र लिहिले: माझा निष्कर्ष चुकीचा आहे, मागे घ्यावा. सोबत छायाचित्रे जोडली. उत्तर वीस दिवसांत आले, म्हणजे त्यांच्या मानाने धावतच. तज्ज्ञ परीक्षकांनी लिहिले होते की लेखिकेने वापरलेली अर्धा मिलिमीटरची चाळणी नियमात बसत नाही, सबब नवा दावा ग्राह्य धरता येत नाही. हा पदार्थ मातीत पूर्ण मिसळतो हे पूर्वीच निःसंशय सिद्ध झालेले आहे. लेखिकेने त्या विषयावरील मूलभूत निबंध नीट वाचावा. पुढे निबंधाचा संदर्भ दिला होता.

निबंध मॅडमचाच होता.

मामांचे दुःख वेगळे होते. ते तीन दिवस रिकाम्या कुंड्या पुसत बसले. चौथ्या दिवशी कार्डांचा गठ्ठा घेऊन आले.

"मॅडम, दोनशे बारा जणांचे नव्वद दिवस भरलेत. काय लिहू?"

"खरं लिहा."

"खरं म्हणजे नेमकं काय?"

दोघांनी बसून मजकूर केला. दुपार गेली. शेवटी मामांनी मोत्यासारख्या अक्षरात पहिले कार्ड लिहिले: "आपण पुरलेली पट्टी फार बारीक झाली आहे. ती आता कुठे आहे हे आम्हाला माहीत नाही. क्षमा असावी." खाली सही करताना त्यांचा हात थांबला.

"हे मी पाहिलं का, मॅडम?"

"पाहिलंत की. चाळणीवर."

"मग आधीचं जे लिहिलं, चार हजार जणांना, ते मी पाहिलंच नव्हतं."

"तुम्हाला दिसलं नव्हतं, मामा. दोष माझा आहे."

"सही माझी आहे," मामा म्हणाले, आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

तशी तीस कार्डे गेली. मग संचालकांच्या कानावर गेले आणि उरलेली थांबली. तीसपैकी एकाचेच उत्तर आले. कुणी निवृत्त स्टेशनमास्तर होते. त्यांनी लिहिले होते: "आपले कार्ड पावले. शोध चालू ठेवावा. सापडल्यास कळवावे."

मामांनी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवले. मॅडमना वाटले, सगळ्या जगात या माणसालाच गोष्ट नीट कळली.

एक तारीख आली. कारखान्याच्या आवारात मांडव नव्हता, मोठे कापडी छत होते. खुर्च्या प्लास्टिकच्या. यंत्राला हिरवी फीत बांधली होती. मॅडमनी पर्समध्ये बरणी ठेवली होती. त्यांना दोन मिनिटे बोलायचे होते, आणि ती दोन मिनिटे त्यांनी आठवडाभर आरशासमोर घोटली होती. सर पहिल्या रांगेत बसले होते. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मॅडम उभ्या राहिल्या. बरणी वर धरली. छताच्या फटीतून आलेले ऊन नेमके तिच्यावर पडले आणि आतले खवले चांदीसारखे चमकले.

"ही पिशवी मातीत मिसळत नाही," त्या म्हणाल्या. "तिचे हे होते. हे माझ्या घरच्या कुंड्यांत अकरा वर्षे पडून होते. हे कमी होत नाही. उद्यापासून रोज चार लाख पिशव्या निघतील आणि त्या सगळ्यांचे हेच होईल. हे नंतर कुणालाही गोळा करता येणार नाही. मलाही नाही. हे यंत्र सुरू करू नका."

मॅडमच्या आयुष्यातला तो एकमेव क्षण, ज्यात काहीतरी घडू शकले असते. त्या क्षणात सर खुर्चीच्या टोकावर आले होते आणि मामांनी डोळे मिटले होते.

मग प्रमुख पाहुणे पुढे आले. त्यांनी बरणी हातात घेतली, उन्हात फिरवली, हलवली.

"किती सुंदर!" ते म्हणाले.

संचालकांनी चटकन माईक घेतला. "आमच्या मॅडमचा विनय पाहिलात? आपल्याच कामाची इतकी कठोर परीक्षा घेणारा संशोधक विरळा. आणि पाहा, एवढी मोठी पिशवी, तिचे एवढेसे झाले! याहून बारीक काय व्हायचे?"

टाळ्या पडल्या. चांगल्या जोरात पडल्या. मागच्या रांगेतल्या लोकांना बरणी दिसत नव्हती, म्हणून त्यांनी जास्त वाजवल्या. प्रमुख पाहुण्यांनी बरणी आठवण म्हणून मागून घेतली. फीत कापली गेली. यंत्राने एकदा खोकल्यासारखे केले आणि पहिली पिशवी बाहेर आली. मग दुसरी. मग कुणी मोजेना.

परतीच्या वाटेवर गाडीत सर म्हणाले, "तू सांगितलंस. ऐकलं नाही त्यांनी, तो त्यांचा प्रश्न."

"नाही हो," मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तो टोमॅटोचा प्रश्न आहे. मातीचा आहे. ज्यानं काही ऐकलं नाही, ज्याला कुणी विचारलंही नाही, त्याचा आहे. आणि बरणीसुद्धा घेऊन गेले."

सरांनी त्यांचा हात हातात घेतला. दोघांच्याही नखांत माती होती. माती म्हणजे निदान वरून तरी माती.

दुसऱ्या दिवशी मॅडम साडेआठला संस्थेत आल्या. आज त्यांनी फलकाकडे बघितले. पुसलेला होता, कालच्या समारंभामुळे. खोलीत जाऊन त्यांनी तक्ता भिंतीवरून काढला, गुंडाळला, कुठे ठेवावा ते न कळून पुन्हा उघडला आणि टेबलावर पसरून त्याच्यावरच हात ठेवून बसल्या. त्यांनी ठरवले होते की उरलेले महिने फक्त चाळायचे. शहरातली माती, नदीकाठची माती, शाळेच्या मैदानातली माती. रोज एक पिशवी. बारीक चाळणी आहे तोवर निदान कुणीतरी बघत राहील, आणि लिहून ठेवील, आणि स्टेशनमास्तरांना कळवील.

दारावर टकटक झाली. मामा होते. एका हातात कोरी करकरीत पितळी चाळणी, दुसऱ्या हातात कागद.

"मॅडम, ती बदलून आली."

"काय बदलून आलं?"

"चाळणी. तुम्ही तक्रार केली होती ना? खरेदी विभागानं दुकानदाराला धारेवर धरलं म्हणे. ही दोनची आहे, अगदी बरोबर. ती अर्ध्याची परत न्यायला माणूस आलाय, खाली उभा आहे."

मॅडम काही वेळ चाळणीकडे बघत राहिल्या. टेबलाच्या कडेला ती दुसरी होती. जाळीत अजून बाल्कनीतल्या मातीचा एक कण अडकलेला.

"ती ठेवता येणार नाही?"

"विचारलं मी. मागवली दोनची होती. अर्ध्याची आपल्याकडे नोंदच नाही. जी नाहीच ती ठेवणार कशी, म्हणतात."

"दुसरी मागवू."

"मागवता येईल. पण कशासाठी हवी ते लिहावं लागतं, आणि ते काम नियमात असावं लागतं." मामा चाचरले. "हेही विचारलं मी, मॅडम. दोनदा विचारलं."

त्यांनी कागद पुढे सरकवला. त्याच अर्जाचा खालचा अर्धा भाग. छापील ओळ होती: "दोष दूर झाला आहे. आता चाळणी समाधानकारक काम करते." खाली ठिपक्यांची रेघ.

"तुम्ही करा सही," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर संचालकांना करू दे."

मामांनी मान खाली घातली. फार हळू आवाजात, जणू माफी मागत म्हणाले, "ज्यानं पाहिलं त्यानं करायची, मॅडम."

खालून हॉर्न वाजला. मामांनी वरच्या खिशातले पेन काढून टेबलावर ठेवले. मॅडमनी ते उचलले. सही छोटीशीच होती, सव्वीस वर्षांत हजारदा केलेली, हाताला पाठ. त्यांनी ती केली. ठिपक्यांच्या रेघेवर, नेमकी, कुठे बाहेर न जाता.

मामांनी कागद घेतला, फुंकर घातली, घडी घातली. टेबलावरची बारीक चाळणी उचलून काखेत मारली आणि दाराशी जाऊन घुटमळले. त्यांना काहीतरी बोलायचे होते. मॅडमनी डोळे वर केले. आता हा माणूस काय म्हणेल ते ऐकायची त्यांची तयारी होती, काहीही असो.

"मॅडम," मामा म्हणाले, "तेवढं पेन द्या. खरेदी विभागाचं आहे."